माणसाळलेली मर

टोमॅटोचं झाड सकाळी ठणठणीत दिसतं, दुपारी माना टाकतं, संध्याकाळच्या गारव्याला पुन्हा उभं राहतं. असा चार दिवस लपंडाव खेळून एक दिवस ते हिरवंच्या हिरवं मरून जातं. या रोगाला मर म्हणतात. थोरलीचा सगळा जन्म या मरीत गेला. पीकरोग संशोधन केंद्रात तिचं टेबल मर विभागात होतं, आणि फोन वाजला की ती ‘मर विभाग’ म्हणूनच उचलायची. पलीकडचा माणूस क्षणभर गप्प व्हायचा. केंद्रात तिला सगळे मरवाली बाई म्हणत. आईला ते मुळीच रुचत नसे. लोकांच्या मुली शिकून नाव काढतात, हिने हे नाव काढलं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पण सांगताना आवाजात थोडी ऐटही असायची.

घरात दोघंच भावंडं. वडील लवकर गेले, आईने शिवणकामावर घर ओढलं. थोरली पहिल्यापासून पुस्तकातली. धाकट्याचा आणि अभ्यासाचा छत्तीसचा आकडा. तो शीतगृहात नोकरीला लागला, फळांच्या पेट्यांमध्ये दिवसभर कानटोपी घालून फिरायचा आणि घरी आला की भर उन्हात भिंतीला पाठ लावून बसायचा. लग्न झाल्यावर त्याने गावाबाहेर एक जमिनीचा तुकडा घेतला, वर प्लास्टिकचं छप्पर टाकलं आणि रोपवाटिका सुरू केली. टोमॅटो, वांगी, मिरची. त्याच्या हाताला गुण होता. ज्या बियाण्याला दुसऱ्याकडे निम्मे कोंब यायचे, त्याचा त्याच्याकडे ट्रे भरून जायचा. बायको हिशोब, गिऱ्हाईक, मजूर सगळं बघायची आणि धाकटा मातीत हात घालून खूश असायचा. पहिल्यांदाच त्याला कुणी हुशार म्हणत होतं.

थोरली केंद्रात लागली तेव्हा तिच्याकडे काम आलं ते जिवाणू सांभाळायचं. गुरं सांभाळावीत तसंच ते. दर काही दिवसांनी जुन्या चंबूतले थोडे जिवाणू उचलून ताज्या खाद्यात सोडायचे, नाहीतर मरतात किंवा बिघडतात. एकदा आई आजारी पडली, थोरली दवाखान्यात अडकली आणि एक चंबू तसाच कोपऱ्यात राहून गेला. परत आल्यावर तिने त्यातला थेंब काचेच्या बशीत पसरला. एरवी मर रोगाचे जिवाणू बशीत वाढले की दुधाचा थेंब सांडल्यासारखे दिसायचे, पांढरे, ओले, बुळबुळीत. या वेळी त्यांच्यामध्ये काही लहान ठिपके आले होते, चपटे, कोरडे, गडद लाल.

तिचे सर जाड भिंगांच्या चष्म्याआडून क्षणभर बघून म्हणाले, नासलंय, टाकून दे. तिने बाकी सगळं टाकलं आणि एक बशी ठेवली. त्यात बंडखोरी काही नव्हती. आईसारखा तिचाही स्वभाव टाकवत नाही असा, उरलेल्या दोऱ्याचीसुद्धा गुंडी करून ठेवणारा. त्या लाल ठिपक्यांतले जिवाणू तिने सुईने टोमॅटोच्या देठात टोचले आणि वाट बघितली. झाडाला काही झालं नाही. शेजारच्या कुंड्यांतली झाडं मरून गेली, हे मात्र वाढत राहिलं, त्याला फुलं आली, टोमॅटो आला. प्रयोगातला म्हणून तो खायचा नसतो. तिने नुसता हातात धरून बघितला.

असं का झालं हे कळायला तिची उमेदीची वर्षं गेली. धाकट्याला ती समजावून सांगायची ते असं. हा जिवाणू एकटा असतो तेव्हा निरुपद्रवी असतो, मुळाशी पोहत राहतो, मिळेल ते खातो. पण झाडाच्या आत शिरून त्यांची संख्या वाढली की त्यांना गर्दी झाल्याचं कळतं. मग सगळे एकदम वागणं बदलतात. पोहणं थांबवतात आणि चिकट बुळबुळीत द्रव सोडायला लागतात. त्याने झाडाच्या पाण्याच्या नळ्या तुंबतात आणि पाण्यात उभं राहून झाड तहानेने मरतं. गर्दी ओळखून पुढचा हुकूम देण्याचं काम एका जनुकाचं. लाल जिवाणूंमध्ये त्या जनुकात एक बारीकशी चूक झालेली होती. छापखान्यात एखादी ओळ दोनदा छापली जावी आणि पुढच्या मजकुराचा अर्थच लागू नये, तशी. त्यामुळे कितीही जमले तरी यांना आपण एकटेच आहोत असं वाटायचं.

“म्हणजे मोर्च्याला येऊन घोषणाच न देणारा माणूस,” धाकटा म्हणाला होता. ही उपमा तिला इतकी आवडली की केंद्रातल्या भाषणातही तिने ती वापरली.

पुढची गोष्ट त्याहून मोठी निघाली. असे माणसाळलेले जिवाणू रोपाच्या मुळाशी आधीच नेऊन बसवले, तर खऱ्या जिवाणूंना शिरायला जागाच उरायची नाही. शिवाय झाडही सावध व्हायचं. मर लागलेल्या मातीतसुद्धा अशी रोपं तगायची. ज्या रोगावर औषध नव्हतं, त्याला रोगाचाच एक बिघडलेला भाऊ अडवत होता.

निवृत्त होताना सरांनी तिला एकच सांगितलं, की जे आपोआप बिघडतं ते आपोआप दुरुस्तही होऊ शकतं, तेवढं बघ. तिने बघितलं. माणसाळलेले जिवाणू चंबूत पिढ्यान्‌पिढ्या वाढवले, बशांवर बशा तपासल्या. एकही पांढरा ठिपका आला नाही. कुंड्यांमध्ये एक हंगाम बघितलं, तिथेही नाही. गर्दीत आपलं जनावर ओळखू यावं म्हणून डाग देतात, तशी तिने त्यांना एक खूणही दिली. एक विशिष्ट औषध खाद्यात घातलं की बाकीचे मरत, तिचे तेवढे जगत.

धाकटा मागे लागला तेव्हा ती आधी नाही म्हणाली. त्याच्या गिऱ्हाइकांच्या शेतात मर होती, रोपं नेऊन लावली की वाया जात होती, आणि बहिणीच्या टेबलावर उपाय पडून होता. मग केंद्राच्या संचालकांनी रीतसर परवानगी दिली, चाचणी म्हणून. थोरली स्वतः बाटल्या घेऊन गेली, बादल्यांत पाणी मिसळलं, रोपांची मुळं त्यात कशी बुडवायची ते मजुरांना दाखवलं. पहिल्या हंगामात ज्या शेतांनी टोमॅटो लावणं सोडून दिलं होतं, तिथे टोमॅटो उभा राहिला. दुसऱ्या हंगामात लोक सकाळपासून धाकट्याच्या फाटकाशी थांबायला लागले. रोपं घेताना विचारायचे, ताईचं पाणी दाखवलंय ना? आईने हे दोन्ही हंगाम पाहिले आणि मग ती गेली. शेवटच्या आजारपणात भेटायला आलेल्यांना ती सांगायची, की दोघांनी मिळून केलंय, एकट्या कुणाचं नाही.

तिसऱ्या हंगामात एका दुपारी धाकट्याचा फोन आला. म्हणाला, मागच्या वाफ्यात आपल्या घरच्यासाठी लावलेली झाडं माना टाकतायत. पाणी कमी पडलं असेल, पण तू ये.

ती गेली. झाडांची पानं हिरवी होती, एकही डाग नाही. तिने चाकूने एक देठ कापला, वहिनीकडे काचेचा पेला मागितला. भावजयीला ती पहिल्या दिवसापासून गमतीने वहिनीच म्हणायची. थोरलीने देठाचं टोक पेल्यातल्या पाण्यात धरलं. थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून दुधासारखा एक बारीक धागा निघाला आणि सरळ तळाला उतरू लागला. मर कशी ओळखायची हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

थोरलीच्या मनात अजून एक वाट उघडी होती. आसपासच्या शेतात मर होतीच, कुणाच्या चपलेला, फावड्याला लागून आली असेल. माणसाळलेल्या जिवाणूंचा पहारा कुठेतरी कमी पडला असेल. तसं असेल तर वाईट आहे, पण सुधारता येईल. हेच मनाशी घोळवत तिने केंद्रात येऊन तो धागा औषध घातलेल्या बशांवर पसरला. बाहेरून आलेली मर असेल तर त्या बशा रिकाम्या राहायला हव्या होत्या.

दोन दिवसांनी तिने कपाट उघडलं. बशा भरलेल्या होत्या. ठिपके पांढरे होते, ओले, दुधासारखे ओघळलेले. खूण तिची होती आणि वागणं जंगली.

जनुक वाचून घेतलं तेव्हा दोनदा छापलेली ओळ एकदाच होती. कुठे खाडाखोड नाही, शिल्लक तुकडा नाही, जणू ती चूक कधी झालीच नव्हती. जिवाणू स्वतःची नक्कल काढताना कोट्यवधींतून एखाद्याची ती जास्तीची ओळ गळून जाते, एवढंच. चंबूत असा एखादा निघाला तर त्याचा काही फायदा नसतो, तो गर्दीत हरवतो. तिला तिथे तो कधी दिसला नाही याचं कारण हेच. झाडाच्या आत मात्र त्या एकाचंच राज्य. तोच नळ्या भरतो, तोच वाढतो, झाड मेलं की लाखोंनी मातीत उतरतो. थोरलीने वर्षानुवर्षं काचेत पाहिलं होतं. कुंड्यांतली मोजकी झाडं एक हंगाम पाहिली होती. धाकट्याने लाखो रोपं वाटली होती.

ती पुन्हा रोपवाटिकेत गेली. धाकटा ट्रे उचलून ठेवत होता.

“आपल्या भागातली मर नाही ती,” ती म्हणाली. “माझी आहे.”

“तुझी म्हणजे?”

“मी दिलेल्या पाण्यातली. पालटली परत.”

त्याने हातातला ट्रे खाली ठेवला, मग उगाचच तो सरळ केला. “ज्यांच्या शेतात मर कधी नव्हतीच, त्यांनीपण नेलीयत रोपं,” तो म्हणाला. “खबरदारी म्हणून नेली. मीच सांगितलं, न्या म्हणून.”

“माहीत आहे मला.”

वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. ती कधी थोरलीला उलट बोलली नव्हती, तेव्हाही तिचा आवाज चढला नाही. “माझ्या हातून चूक झाली तर भांडं फुटतं, ताई,” ती म्हणाली. “केर काढला की संपलं. तुमची चूक जिवंत आहे.”

थोरलीने तिच्याकडून हिशोबाची वही मागून घेतली, कुणी कुणी रोपं नेली ते उतरवायला.

संचालक भले गृहस्थ होते. त्यांनी काही दडवलं नाही की तिच्यावर ढकललं नाही. परवानगीवर सही माझी आहे, असं त्यांनी वर कळवलं. चौकशी झाली, ती रीतसर झाली. सगळ्यांनी मान्य केलं की त्या वेळच्या माहितीप्रमाणे बाईंनी योग्यच केलं होतं. हे ऐकून तिला काही बरं वाटलं नाही. माणसाळलेल्या जिवाणूंचा सगळा साठा नष्ट करायचा हुकूम निघाला. तिने हात जोडून एकच मागितलं, की ते जनुक मुळापासून कापून टाकलेले जिवाणू करून बघू द्या, ओळच नसेल तर ती परत येणार कुठून. त्यांनी बंद खोलीत, काचेआड करायची मुभा दिली. तिने केले. ते खरंच कधी पालटले नाहीत. पण मुळाशी टिकेनातही, आठवडाभरात नाहीसे व्हायचे आणि खऱ्या जिवाणूंना वाट मोकळी करून द्यायचे. ती वर्षभर झगडली. मग तेही बंद झालं. केंद्रातल्या वाफेच्या मोठ्या भांड्यात तिने आपल्या हातांनी सगळ्या बाटल्या रचल्या, झाकण आवळलं आणि शिट्टी होईपर्यंत शेजारी स्टुलावर बसून राहिली. त्यात पहिल्या लाल ठिपक्याचे वंशजही होते.

तोवर भाऊबहीण शेताशेतावर जाऊन आले होते. जायचा हट्ट थोरलीचा. तिला वाटलं होतं लोक शिव्या देतील. एकदोघांनी दिल्यासुद्धा. पण बहुतेकांनी पाणी विचारलं, ऐकून घेतलं. आता काय करायचं असं त्यांनी विचारलं की तिच्याजवळ सांगायला फारसं काही नसायचं. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा लावू नका, बरीच वर्षं लावू नका. मका लावा, कांदा लावा. अवजारं धुऊन घ्या, ते पाणी पाटात सोडू नका. एका म्हाताऱ्याने शांतपणे सांगितलं की बाई, पाणी पाटाचंच आहे, खालच्या सगळ्यांना गेलं ते. त्याने हातातल्या काठीने पाट कुठून कुठे जातो ते दाखवलं. धाकटा दुसरीकडे बघत होता. परतताना गाडीत त्याने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

रोपवाटिकेवर त्यांनी काय नाही केलं. माती वाफेने भाजली, चुना टाकला, उन्हाळाभर प्लास्टिकने झाकून ठेवली. मका घेतला, कांदा घेतला, पुन्हा मका. दरवेळी कोपऱ्यात चार टोमॅटो लावून बघायचे. दरवेळी ते वाढायचे, फुलावर यायचे, आणि आता जमलं असं वाटू लागलं की एखाद्या दुपारी मान टाकायचे. जिवाणू खोल मातीत, तणाच्या मुळाशी दडून राहायचे. भाजल्याने वरचे मरायचे, खालचे वर यायचे. थोरलीला हे ठाऊक होतं. तरी ती दर रविवारी जायची, कारण धाकटा करत होता आणि त्याला नको म्हणायची तिची प्राज्ञा नव्हती. मग एक वर्ष त्याने चार टोमॅटोही लावले नाहीत. गिऱ्हाइकं केव्हाच तुटली होती. ‘ताईचं पाणी’ हे शब्द लोक आता थट्टेतही वापरत नव्हते.

तो पुन्हा शीतगृहात लागला. पूर्वीचीच पाळी, तशीच कानटोपी. वहिनीने एका दुकानात काम धरलं. दोघांचं थोरलीशी बोलणं तुटलं नाही. सणासुदीचं जेवण, दुखणीखुपणी, पोरांच्या परीक्षा, सगळं सुरू होतं. फक्त तिच्या कामाबद्दल घरात कुणी विचारत नसे, आणि ती निवृत्त झाली त्या दिवशीही कुणी विचारलं नाही. झाली का मोकळी, एवढंच वहिनी म्हणाली, प्रेमानेच.

शेवटी धाकट्याने तो तुकडा विकायला काढला. गाव तिथवर येऊन पोहोचलं होतं, इमारती उठत होत्या. एका बांधकामवाल्याने तो घेतला. थोरलीला त्यातल्या त्यात बरं वाटलं. काँक्रीटखाली गेलं की संपलं, निदान या एका जागेपुरतं तरी.

पाया खणायला सुरुवात झाल्यावर ती सहज तिकडून गेली तर फाटकाशी एक ट्रक उभा होता. यंत्र वरची माती उचलून ट्रकमध्ये टाकत होतं. वर्षानुवर्षं धाकट्याने खत घालून मऊ केलेली, हातात घेतली तर भुरभुरणारी माती. ती मुकादमाला भेटली. तो अदबीने म्हणाला की एवढी चांगली माती पायाखाली कोण गाडणार, बागांना मागणी आहे. पलीकडच्या नव्या वसाहतीत गेली, शाळेच्या आवारात गेली, नदीकाठच्या बंगल्यांना गेली. तिने त्याला समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, ट्रकही थांबवला. मग म्हणाला, बाई, हा शेवटचा आहे. बाकीची महिन्यापूर्वीच गेली.

पुढचे काही दिवस ती त्या वसाहतीत दारोदार फिरली. लोक सभ्य होते. बायका म्हणायच्या, आम्ही फुलंच लावणार. एक गृहस्थ म्हणाले, मातीत जंतू असायचेच, हात धुतले म्हणजे झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एका बाईने कुंडीत टोमॅटोचं रोप लावलं होतं, गुडघ्याएवढं, तजेलदार, पहिली पिवळी फुलं आलेली. थोरली त्याच्याकडे बघत राहिली. बाईला वाटलं हिला रोप आवडलं. बी देऊ का म्हणून तिने विचारलं.

त्या संध्याकाळी ती धाकट्याकडे गेली. तो पाळीवरून येऊन बसला होता, बोटं अजून पांढरी पडलेली. तिने सगळं सांगितलं. कुठे कुठे माती गेली, कुठे अजून जायला हवं. तो ऐकत होता, हातावर हात चोळत.

“ताई,” तो शेवटी म्हणाला, “आता कुणाला सांगू नकोस.”

“त्यांना कळायला नको?”

“कळून करतील काय? आपल्याला कळलं होतं की सगळं. लावू देत. चार दिवस हिरवं झाड बघून तर घेतील.”

तिने त्याच्याशी वाद घातला नाही. वहिनीने ताटं घेतली. थोरली जेवायला बसली. उन्हाळ्यात ती पुन्हा एकदा त्या वसाहतीवरून गेली. तिसऱ्या मजल्यावरची बाई गॅलरीत उभी राहून माना टाकलेल्या रोपाला पाणी घालत होती. पुरत नसेल म्हणून अजून घालत होती, आणि कुंडीतून वाहिलेलं मातकट पाणी पन्हाळीतून खालच्या गटारात पडत होतं. थोरलीने वर बघून हाक मारायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि सावलीच्या बाजूने चालत घरी गेली.